संकलक : आत्मनेपदी आणि परस्मैपदी

१. शब्द आणि अर्थ

‘संकलक’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. लोकगीते गोळा करणारा, संतांचे विखुरलेले अभंग वेचून त्यांची गाथा सिद्ध करणारा, जुन्या कागदपत्रांतील उतारे एकत्र आणणारा तो संकलक, हा अर्थ आपल्या चांगला परिचयाचा आहे. गणकयंत्राच्या क्षेत्रात मात्र हाच शब्द ‘कम्पायलर’ या इंग्रजी संज्ञेसाठी रूढ झाला आणि तेथे त्याचा अर्थ पार बदलला. तेथील संकलक काही गोळा करीत नाही. तो भाषांतर करतो. माणसाला वाचता आणि लिहिता येईल अशा भाषेतील आज्ञावली घेऊन ती यंत्राला पाळता येतील अशा आज्ञांत उतरवणे, हे त्याचे काम होय. मग त्याला भाषांतरकार न म्हणता संकलक का म्हणावे, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या मनात साहजिकच उभा राहतो.

त्याचे उत्तर इतिहासात सापडते. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषीने ‘ए-झीरो’ नावाची एक योजना सिद्ध केली. नेहमी लागणारी गणिते करणारे आज्ञांचे गट आधीच लिहून चुंबकीय फितीवर साठवून ठेवलेले असत. गणितज्ञाने हव्या त्या गटांचे केवळ संकेत लिहून द्यावेत आणि यंत्राने ते गट फितीवरून हुडकून, क्रमाने जोडून, एक अखंड आज्ञावली तयार करावी, अशी ही व्यवस्था होती. हे काम खरोखरच संकलनाचे होते. पुढे १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीत ‘फोर्ट्रान’ ही भाषा आणि तिचा संकलक प्रसिद्ध केला. गणिताच्या सूत्रांसारखी दिसणारी वाक्ये तिच्यात लिहिता येत आणि यंत्राच्या आज्ञांत ती उतरवण्याचे काम संकलक करी. अशा रीतीने काम भाषांतराचे झाले, पण नाव संकलकाचेच राहिले. मूळ तिळाचे ते तेल. पण आज आपण खोबऱ्याचेही तेलच म्हणतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. त्याच न्यायाने ‘संकलक’ हा शब्द आपण स्वीकारावा.

या भाषांतरकाराच्या दोन जाती आहेत. इंग्रजीत त्यांपैकी एकीला ‘नेटिव्ह’ आणि दुसरीला ‘क्रॉस’ असे म्हणतात. हा भेद वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा वाटतो. परंतु जो समाज यंत्रे विकत घेऊन वापरतो आणि जो ती स्वतः घडवू पाहतो, त्या दोहोंमधील अंतर समजून घेण्याची एक किल्ली या भेदात दडलेली आहे. म्हणून या लेखात त्याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

२. तीन भाषांचा व्यवहार

भाषांतर म्हटले की आपल्यासमोर दोन भाषा उभ्या राहतात : जिच्यातून उतरवायचे ती आणि जिच्यात उतरवायचे ती. पण थोडा विचार केला, तर तिसरीही एक भाषा या व्यवहारात असते, असे दिसून येईल. ती म्हणजे भाषांतरकाराची स्वतःची, त्याच्या घरची भाषा.

धारवाडकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडात झाला. त्यांची घरची भाषा मराठी आणि काव्याची भाषा कन्नड. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी कन्नडमध्ये आणले. म्हणजे मूळ भाषा संस्कृत, लक्ष्यभाषा कन्नड आणि ज्या घरात हे कार्य झाले त्या घरची भाषा मराठी. कवीच्या अंतरंगात प्रत्यक्ष मनन कोणत्या भाषेत चालले असेल, हे सांगण्याचे धाडस कोणी करू नये; आणि दृष्टांत हा एकदेशीच असतो. तथापि, तीन भाषा तीन वेगळ्या भूमिका कशा बजावतात, एवढे दाखवण्यास तो पुरेसा आहे.

संकलकाच्या बाबतीत ही तिसरी भाषा फार महत्त्वाची ठरते. कारण संकलक हीदेखील एक आज्ञावलीच असते आणि ती कोणत्या ना कोणत्या यंत्रावर चालावी लागते. ज्या यंत्रावर ती चालते, त्याची भाषा ही संकलकाची घरची भाषा. १९६१ साली हार्वे ब्रॅटमन यांनी हा त्रिविध संबंध दाखवण्यासाठी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची एक आकृती सुचवली. डाव्या हातावर मूळ भाषा, उजव्या हातावर लक्ष्यभाषा आणि खाली पायाशी घरची भाषा. वर्गात फळ्यावर ही आकृती काढली की पुढचा सगळा विषय तिच्या आधारे समजावता येतो. एका आकृतीचा हात दुसरीच्या पायाशी जुळवत गेले की संकलकांची वंशावळच डोळ्यांसमोर उभी राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ‘यंत्राची भाषा’ असे आपण एकवचनी म्हणतो खरे, पण यंत्रांची भाषा एक नाही. प्रत्येक प्रक्रियक, म्हणजे गणकयंत्राचा गाभा असलेली चकती, कोणत्या तरी एका कुळातला असतो आणि प्रत्येक कुळाचा आज्ञासंच निराळा असतो. आपल्या मेजावरच्या बहुतेक संगणकांतील प्रक्रियक इंटेलने रूढ केलेल्या कुळातले असतात, तर खिशातल्या बहुतेक भ्रमणध्वनींतील प्रक्रियक ‘आर्म’ या कुळातले. बेरीज दोघेही करतात, पण बेरीज करण्याची आज्ञा ज्या अंकांनी लिहायची ते अंक दोघांचे वेगळे. एकाच्या भाषेतील आज्ञावली दुसऱ्यापुढे ठेवली, तर तिचा अर्थ त्याला मुळीच कळणार नाही.

३. आत्मनेपद आणि परस्मैपद

आता दोन्ही जातींची व्याख्या सोपी झाली. संकलक ज्या यंत्रावर चालतो त्याच जातीच्या यंत्रासाठी आज्ञा तयार करीत असेल, म्हणजे आकृतीतील पाय आणि उजवा हात एकाच भाषेचे असतील, तर तो ‘नेटिव्ह’ संकलक. तो चालतो एका यंत्रावर आणि आज्ञा तयार करतो निराळ्याच जातीच्या यंत्रासाठी, असे असेल तर तो ‘क्रॉस’ संकलक.

या दोन संज्ञांना मराठीत काय म्हणावे? ‘देशी’ आणि ‘संकरित’ असे शब्दशः भाषांतर केले तर अनर्थ होईल. कारण येथे संकर मुळीच नाही. आपल्या व्याकरणपरंपरेत या भेदासाठी नेमकी कल्पना तयार आहे. संस्कृतातील काही धातू उभयपदी आहेत. यज् हा धातू घ्या. यजमान स्वतःला फळ मिळावे म्हणून यज्ञ करतो, तेव्हा ‘यजते’ असे आत्मनेपदी रूप येते. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तेव्हा ‘यजति’ असे परस्मैपदी रूप येते. क्रिया तीच, तिचे फळ कर्त्याकडे येते की दुसऱ्याकडे जाते, यावर पद ठरते. संकलकाचीही हीच कथा आहे. ज्याच्या श्रमाचे फळ त्याच्याच यंत्राला मिळते तो आत्मनेपदी. ज्याचे फळ परक्या यंत्राला मिळते तो परस्मैपदी. ‘जीसीसी’ नावाचा एक विख्यात मुक्त संकलक आहे. त्याचा मूळ मजकूर एकच. पण तो सिद्ध करताना जशी योजना करावी तसा तो आत्मनेपदी किंवा परस्मैपदी होतो. म्हणजे तो खरा उभयपदी म्हणावयाचा.

परस्मैपदी संकलकाची गरज का पडते, हे पाहू. पहिले कारण लहान यंत्रांचे. विजेचा मीटर, कपडे धुण्याचे यंत्र, मोटारीतील नियंत्रक, यांच्या पोटात प्रक्रियक असतो. पण संकलकासारखी अवजड आज्ञावली चालवण्याइतकी स्मृती त्याच्याजवळ नसते. त्याच्यासाठी मोठ्या यंत्रावर आज्ञावली तयार करून ती त्याच्या स्मृतीत भरावी लागते. दुसरे कारण सोयीचे. हुबळीतील अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी भ्रमणध्वनीसाठी आज्ञावली लिहितो, तेव्हा ती भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर लिहीत नाही. आपल्या संगणकावर लिहितो आणि तेथेच ती ‘आर्म’च्या भाषेत उतरवून घेतो. नाव माहीत नसले, तरी परस्मैपदी संकलक तो रोज वापरतो. तिसरे कारण सर्वांत मूलगामी आहे : नवे यंत्र जन्माला येते तेव्हा त्याच्यावर चालणारा संकलक अस्तित्वातच नसतो. त्याची पहिली आज्ञावली कोणी तरी बाहेरूनच तयार करून द्यावी लागते.

४. विरजणाचा प्रश्न

या तिसऱ्या कारणातून एक जुनाच तार्किक पेच पुढे येतो. आजचे बहुतेक संकलक स्वतःच्याच भाषेत लिहिलेले असतात. ‘सी’ भाषेचा संकलक ‘सी’ भाषेत लिहायचा, तर त्याचे भाषांतर करायला ‘सी’चाच संकलक हवा. तो कोठून आणायचा? बीजांकुरन्यायाची चर्चा करणाऱ्या नैयायिकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पण घरातल्या गृहिणीला तो अधिक ओळखीचा आहे. दही लावायचे तर विरजण हवे, आणि विरजण म्हणजे कालचेच दही.

पहिले दही कोठून आले? याला इतिहासाने तीन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर कष्टाचे. भाषेच्या एका लहानशा अंशापुरता संकलक हाताने यंत्रभाषेत लिहायचा. त्याच्या आधारे थोडा मोठा संकलक त्याच भाषेत लिहायचा. आणि असे करीत पूर्ण भाषेपर्यंत चढत जायचे. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालेला ‘नेलिअ‍ॅक’ हा स्वतःचे संकलन स्वतः करणाऱ्या आरंभीच्या संकलकांपैकी होय.

दुसरे उत्तर दुभाष्याचे. भाषांतरकार संपूर्ण ग्रंथ उतरवून मग हातात देतो. दुभाष्या मात्र वक्त्याशेजारी उभा राहून एकेक वाक्य तेथल्या तेथे सांगत जातो. यंत्रांच्या जगातही असे दुभाषे असतात. १९६२ साली टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी ‘लिस्प’ भाषेचा संकलक लिस्पमध्येच लिहिला आणि आधीच उपलब्ध असलेल्या दुभाष्याकरवी तो चालवून त्याच्याकडून त्याचेच भाषांतर करून घेतले. एकदा ते झाले की दुभाष्याची गरज सरली.

तिसरे उत्तर शेजाऱ्याचे. आपल्या घरी विरजण नसेल, तर शेजारून वाटीभर आणावे. परस्मैपदी संकलक म्हणजे हेच. जुन्या यंत्रावर बसून नव्या यंत्राच्या भाषेत संकलक उतरवायचा आणि तो नव्या यंत्रावर नेऊन ठेवायचा. तेथे गेला की तो आत्मनेपदी होतो, आणि पुढे नवे यंत्र शेजाऱ्यावर अवलंबून राहत नाही.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात हाच क्रम घडलेला दिसतो. विल्यम कॅरे याचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते मराठी मुलखात नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात. त्याचेच कन्नड व्याकरण १८१७ मध्ये छापले गेले. दोन्ही भाषांच्या प्रदेशांत त्या काळी मुद्रणाची साधने रुजलेली नव्हती. म्हणून ग्रंथ एका प्रांतात सिद्ध होई आणि त्याचा उपयोग दुसऱ्या प्रांतात होई. पुढे १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, आणि जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यात तर येथेच ओतलेल्या सुबक देवनागरी खिळ्यांनी ग्रंथ निघू लागले. परस्मैपदाने आरंभ झालेले कार्य आत्मनेपदात स्थिरावले. खिळे बाहेरून आणणे आणि खिळे ओतण्याची विद्या आत्मसात करणे, यांत जे अंतर आहे तेच संकलक वापरणे आणि संकलक घडवणे यांत आहे.

विरजण आणले म्हणजे काम संपले असे नाही. दही नीट लागले की नाही, हे पाहावे लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या जीसीसीत यासाठी एक सुंदर पद्धत आहे. यंत्रावर आधीच असलेल्या कोणत्याही संकलकाकडून जीसीसीच्या मूळ मजकुराचे भाषांतर करून घ्यायचे. ही पहिली पायरी. या पहिल्या जीसीसीकडून त्याच मजकुराचे पुन्हा भाषांतर करायचे, ही दुसरी. दुसऱ्याकडून पुन्हा एकदा, ही तिसरी. पहिल्या पायरीवरचे फळ जुन्या संकलकाच्या धाटणीचे असते. म्हणून ते दुसऱ्याशी जुळण्याची अपेक्षा नसते. परंतु दुसरे आणि तिसरे ही दोन्ही एकाच मजकुरापासून आणि एकाच बुद्धीने तयार झालेली असल्यामुळे ती अक्षरशः सारखी निघाली पाहिजेत. तसे न झाले, तर कोठे तरी दोष आहे असे निश्चित समजावे.

ही परीक्षा आत्मनेपदी संकलकालाच देता येते, हे येथे विसरता कामा नये. हुबळी हे जुन्या सदर्न मराठा रेल्वेचे मोठे ठाणे. तेथे रेल्वेचा कारखानाही उभा राहिला. त्या भागातील लोहमार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजचा होता. समजा, त्या काळी हुबळीच्या कारखान्यात कोणी ब्रॉडगेजचा डबा बांधला असता. तर तो कितीही उत्तम असला, तरी कारखान्याबाहेरच्या रुळांवर चालवून पाहता आला नसता. तो दुसरीकडे नेऊनच त्याची परीक्षा घ्यावी लागली असती. परस्मैपदी संकलकाचे फळ असेच असते. जेथे ते तयार होते तेथे ते चालत नाही. एक तर ते लक्ष्ययंत्रावर न्यावे लागते, नाही तर लक्ष्ययंत्राची हुबेहूब नक्कल करणारी एखादी आज्ञावली आपल्या यंत्रावर चालवून तिच्यापुढे ते ठेवावे लागते.

५. साधनशृंखला

आतापर्यंत आपण संकलकाचाच विचार केला. प्रत्यक्षात तो एकटा काम करीत नाही. सोनाराच्या दुकानात जसे मूस, फुंकणी, ऐरण, हातोडी यांचे एक कुटुंब असते, तसे संकलकाचेही आहे. संकलक बहुधा थेट अंकांत भाषांतर करीत नाही. यंत्राच्या आज्ञांची अक्षरी नावे लिहून देतो. त्या नावांचे अंक करणारी आज्ञावली वेगळी; तिला ‘असेंब्लर’ म्हणतात. निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेले तुकडे एकत्र सांधणारी ‘लिंकर’ वेगळी. हॉपरबाईंच्या मूळ संकलकाचे काम आज हा सांधणारा करतो, हे सूक्ष्म वाचकाच्या ध्यानात येईल. शिवाय नेहमी लागणाऱ्या आज्ञागटांचा संग्रह, म्हणजे भाषेचे ग्रंथालय, हेही हवेच. या सर्वांना मिळून साधनशृंखला म्हणावे.

नव्या यंत्रासाठी ही शृंखला उभारताना पुन्हा अन्योन्याश्रय आडवा येतो. पूर्ण संकलक सिद्ध व्हायला लक्ष्ययंत्राचे ग्रंथालय हवे. आणि ते ग्रंथालय लक्ष्ययंत्राच्या भाषेत उतरवायला संकलक हवा. यातून मार्ग काढतात तो असा. प्रथम लक्ष्ययंत्राचे अंक जाणणारे असेंब्लर आणि लिंकर तयार करतात. मग ग्रंथालयावाचून जेमतेम चालणारा, केवळ ‘सी’ भाषा जाणणारा एक अपुरा संकलक बांधतात. त्या अपुऱ्या संकलकाकडून ग्रंथालयाचे भाषांतर करून घेतात. आणि ग्रंथालय हाती आल्यावर त्याच्या आधारे पूर्ण संकलक पुन्हा बांधतात. लोहार पहिली ओबडधोबड सांडशी कशीबशी घडवतो आणि तिने धरून चांगली सांडशी घडवतो, त्यातलाच हा प्रकार.

या कामात तीन यंत्रांची नावे नेहमी येतात : जेथे संकलक बांधला जातो ते निर्माणयंत्र, जेथे तो राहून चालतो ते निवासयंत्र, आणि ज्याच्यासाठी तो आज्ञा तयार करतो ते लक्ष्ययंत्र. तिन्ही एकच असतील तर शुद्ध आत्मनेपद. पहिली दोन एक आणि तिसरे वेगळे असेल तर नित्याचे परस्मैपद. तिन्ही वेगळी असतील तर? मुंबईच्या मोठ्या संगणकावर संकलक बांधायचा, तो धारवाडच्या प्रयोगशाळेतील ‘आर्म’ जातीच्या छोट्या संगणकांवर चालावा आणि त्याने तिसऱ्याच जातीच्या यंत्रासाठी आज्ञा तयार कराव्यात, अशी योजना अशक्य नाही. या प्रकाराला तंत्रज्ञ ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. या नावाचा कॅनडाच्या तंत्रज्ञानाशी काही संबंध नाही. या प्रश्नांची चर्चा चालू होती तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय राजकीय पक्ष होते, एवढ्याच गमतीवरून ते पडले. परिभाषा कोणत्या वाटांनी जन्माला येते, याचे हे एक मासलेवाईक उदाहरण म्हणता येईल.

६. धारवाड, मुंबई आणि तिरुवनंतपुरम्

आता आपल्या परिसराकडे वळू. धारवाड हे विद्येचे गाव. कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना तेथे १८९० साली झाली. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ पुढल्याच वर्षी धारवाडास आले. हुबळीत १९४७ साली भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. या परंपरेत २०१६ साली धारवाडच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची भर पडली. आरंभी ती ‘वाल्मी’ या जलभूव्यवस्थापन संस्थेच्या आवारात भरत असे. १२ मार्च २०२३ रोजी तिच्या स्थायी वास्तूचे उद्घाटन झाले. तिच्या प्रारंभीच्या काळात मार्गदर्शनाची जबाबदारी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होती. नव्या यंत्राला पहिला संकलक जुन्या यंत्राने पुरवावा, तसेच हे झाले.

मुंबईच्या त्या संस्थेत संकलकविद्येची परंपरा जुनी आहे. प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या पाठ्यपुस्तकांवर देशभरच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या हा विषय शिकल्या. त्यांच्यानंतर प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास हाती घेतला आणि त्यावर कार्यशाळा भरवल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला संकलकातील विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. लाखो ओळींच्या तयार संकलकाला केवळ वापराची वस्तू न मानता अध्ययनाचा ग्रंथ मानावे, ही या प्रयत्नामागची दृष्टी शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

याच संस्थेत प्रा. माधव देसाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ‘अजित’ नावाचा प्रक्रियक रचला. २०१९ साली तो जाहीर झाला आणि चंदीगडच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत तो घडवला गेला. त्याची रचना सर्वस्वी येथली. परंतु आज्ञासंच मात्र त्यांनी नवा कल्पिला नाही. ‘स्पार्क’ हा पूर्वीपासून प्रसिद्ध असलेला आणि सर्वांना खुला असलेला आज्ञासंच त्यांनी स्वीकारला. याचा लाभ उघड आहे. जीसीसीला स्पार्कची भाषा आधीच येत होती. म्हणून ‘अजित’ जन्मला तेव्हा त्याच्याशी बोलणारा परस्मैपदी संकलक तयार होता. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘शक्ती’ प्रक्रियकांनी ‘रिस्क-फाइव्ह’ हा खुला आज्ञासंच घेतला, त्यामागेही हाच व्यवहारी विचार दिसतो.

याच्या उलट उदाहरण तिरुवनंतपुरम्‌चे. विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि चंदीगडची तीच लॅबोरेटरी यांनी मिळून अग्निबाणांच्या मार्गदर्शनासाठी ‘विक्रम ३२०१’ हा ३२ अंकी प्रक्रियक सिद्ध केला. मार्च २०२५ मध्ये तो जाहीर झाला. त्याच कुळातील १६ अंकी ‘विक्रम १६०१’ २००९ सालापासून अग्निबाणांत वापरला जात होता. येथे आज्ञासंच स्वतःचा आहे. म्हणून साधनशृंखलाही स्वतःच घडवावी लागली. ‘एडा’ भाषेचा संकलक, असेंब्लर, लिंकर आणि यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली, ही सर्व साधने घरीच तयार केली असून ‘सी’ भाषेच्या संकलकाचे काम चालू आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. अग्निबाणातील प्रक्रियकावर बसून कोणी संकलन करणार नाही; म्हणजे हा संकलक परस्मैपदीच असावा लागतो.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की स्वावलंबनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. प्रक्रियक घडवला म्हणजे अर्धेच काम झाले. त्याला समजेल असे बोलणारा संकलक नसेल, तर तो कितीही कुशल असला तरी मुकाच राहील. आणि संकलक दुसऱ्याचा घ्यायचा की आपला लिहायचा, हा अभिमानाचा प्रश्न नसून खर्चाचा, मनुष्यबळाचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे. त्यांतील विश्वासाचा भाग सर्वांत अवघड असल्यामुळे त्याचा वेगळा विचार केला पाहिजे.

७. विश्वासाचा प्रश्न

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात केन थॉम्प्सन यांनी एक अस्वस्थ करणारी शक्यता दाखवून दिली. युनिक्स या प्रणालीचे ते एक जनक. तेव्हा त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. समजा, कोणी संकलकात अशी मेख मारून ठेवली की प्रवेशाचा परवलीचा शब्द तपासणाऱ्या आज्ञावलीचे भाषांतर करताना त्याने तिच्यात एक चोरवाट घालावी. ही मेख संकलकाच्या मूळ मजकुरात असेल, तर वाचणाऱ्याला ती दिसेल. पण दुसरीही मेख मारली की स्वतःच्याच मजकुराचे भाषांतर करताना संकलकाने या दोन्ही मेखा नव्या संकलकात गुपचूप उतरवाव्यात, तर? मग मूळ मजकुरातून दोन्ही पुसून टाकता येतात. मजकूर निर्मळ, आणि फळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या दूषित. दूध चांगले, भांडे स्वच्छ. पण विरजणातच दोष असेल, तर तो रोजच्या दह्यात उतरत राहील आणि पाककृती कितीदा वाचली तरी सापडणार नाही.

मघाशी सांगितलेली तीन पायऱ्यांची परीक्षाही हा दोष पकडू शकत नाही. कारण दुसरे आणि तिसरे फळ सारखेच दूषित असेल आणि त्यामुळे ती दोन्ही तंतोतंत जुळतील. उपाय निघाला तो दुसऱ्या घरच्या विरजणाचा. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार शंकित संकलकाच्या मजकुराचे भाषांतर सर्वस्वी वेगळ्या वंशाच्या संकलकाकडून करून घ्यावे, त्या फळाकडून पुन्हा त्याच मजकुराचे भाषांतर करावे, आणि मग ते शंकित संकलकाशी अक्षरशः ताडून पाहावे. दोन्ही सारखे निघाले, तर मजकुराबाहेरचे काही त्यात लपलेले नाही, असे मानता येते. दोन स्वतंत्र हस्तलिखितांवरून पाठनिश्चिती करणाऱ्या आपल्या संशोधकांना ही रीत परकी वाटणार नाही. दोन्ही वंशांत एकच प्रक्षेप स्वतंत्रपणे शिरण्याचा संभव फार थोडा, हेच दोन्हीकडचे गमक.

याहून मूलगामी उपाय म्हणजे विरजणच इतके लहान करणे की माणसाने ते डोळ्यांनी तपासावे. २०२३ साली ‘ग्वीक्स’ या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी आपली साधनशृंखला केवळ ३५७ अक्षरांकांच्या बीजापासून पायरीपायरीने उभी करून दाखवली. कागदाच्या एका पानावर मावणारे हे बीज. त्यातून असेंब्लर, त्यातून लहान संकलक, त्यातून मोठा, आणि शेवटी जीसीसी. ही शृंखला ज्याला आरंभापासून समजते, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण राहत नाही.

८. अध्यापकांसाठी दोन शब्द

भाषेच्या अभ्यासकांनी या विषयात लक्ष का घालावे? एक कारण परिभाषेचे. हे ज्ञान मराठीत सांगायचे, तर शब्द ठरवावे लागतील. आत्मनेपदी आणि परस्मैपदी संकलक, निर्माणयंत्र, निवासयंत्र, लक्ष्ययंत्र, साधनशृंखला, हे येथे योजलेले शब्द विचारार्थ पुढे ठेवले आहेत; याहून चांगले सुचल्यास त्यांचे स्वागतच व्हावे. संज्ञा परक्या वाटल्या तरी त्यांमागच्या कल्पना आपल्या व्याकरणात आणि पाठचिकित्सेत पूर्वीपासून नांदत आहेत, एवढे दिसले तरी अध्यापनाचे बरेचसे काम हलके होईल.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून संगणक शिकवला जातो तो बहुधा वापरणाऱ्याच्या दृष्टीने. कोणती कळ दाबली म्हणजे काय होते, हे विद्यार्थ्याला सांगितले जाते. ती कळ दाबल्यावर काम करणारे साधन कोणत्या साधनाने घडवले, हे क्वचितच सांगितले जाते. वास्तविक, जीसीसीसारख्या संकलकाचा मूळ मजकूर सर्वांना विनामूल्य खुला आहे. २०२० साली निघालेल्या त्याच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘सी’ भाषेतील चलपदांना थेट देवनागरीत नावे देता येऊ लागली. ‘बेरीज’ आणि ‘सरासरी’ हे शब्द मराठीत लिहून विद्यार्थ्याने आपली पहिली आज्ञावली चालवावी आणि नंतर तीच दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी उतरवून पाहावी. यास साधा संगणक पुरतो. पहिल्या प्रयोगात त्याला आत्मनेपद कळेल, दुसऱ्यात परस्मैपद.

जावजी दादाजींच्या आधीही मराठी ग्रंथ छापले जात होतेच. पण खिळे येथे ओतले जाऊ लागल्यावर अक्षराचे वळण कसे असावे, जोडाक्षरे कशी बसावीत, हे ठरवण्याचा अधिकार येथल्या कारागिरांच्या हाती आला. संकलकविद्या शिकलेले विद्यार्थी धारवाड-हुबळीतून आणि महाराष्ट्रातून जसजसे बाहेर पडतील, तसतसा यंत्रांच्या बाबतीत तोच अधिकार आपल्याकडे येत जाईल. तो लवकर यावा असे ज्यांना वाटते, त्या अध्यापकांनी या विषयाचा एक तरी पाठ आपल्या वर्गात अवश्य घ्यावा.